मागा, पण गिऱ्हाइकासारखं नको

आमच्या भुसावळच्या रेल्वे वस्तीत शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना सभा असते. "विनंत्या सांगा" म्हटलं की भराभर येतात: मुलाची भरती, बदली, गुडघेदुखी, मुलीचं लग्न. सांगाव्यातच. मागायला प्रभू येशूनंच शिकवलंय. माझा जीव तुटतो तो पुढच्या गोष्टीनं. भरती झाली नाही की ते घर यायचं थांबतं, नाहीतर जिथे "लवकर उत्तर मिळतं" अशी दुसरी मंडळी (चर्च) शोधत जातं. म्हणून सभा चालवणाऱ्या बहिणींसाठी हे लिहितेय.

सभेची सुरुवात विनंत्यांनी करू नका. आधी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली, घ्या (बायबल, मत्तय ६:९–१३), पण एका दमात म्हणून टाकू नका. ओळीओळीला थांबा. पहिल्या तीन मागण्या देवाच्या आहेत: त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. भाकर त्यानंतर येते, तीही रोजची, आणि "आमची". अख्ख्या प्रार्थनेत "मला" कुठेच नाही. भाकरीच्या ओळीवर आल्यावर प्रत्येकीनं दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचं, ज्या घरात या आठवड्याला मजुरी लागली नाही त्या घराचं. नाव घेतलं की सभेनंतर तिकडे कोण जाणार तेही तिथेच ठरवा.

विनंत्यांची वही बऱ्याच ठिकाणी असते. उत्तर मिळालं की बरोबरची खूण, नाही तर रिकामं, असा हिशेब तिच्यात ठेवू नका. दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखी ती देवाची थकबाकी दाखवायला लागते. विनंतीपुढे तारीख लिहा आणि भेटायला कोण गेलं ते लिहा. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला सलणारा एक त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे" एवढंच मिळालं (२ करिंथ १२:८–९). त्याच्या नावापुढे तुम्ही कोणती खूण केली असती?

आता सगळ्यात अवघड भाग. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वाऱ्यात उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. अशा घरी जाताना आपले लोक बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडतात: अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. वचन खरं आहे, पण तोच हबक्कूक सुरुवातीला काय म्हणतो ते आधी वाचा (१:२). किती वेळ हाका मारू, तू ऐकत का नाहीस, असं तो देवाला तोंडावर विचारतो. त्या घराला आधी पहिला अध्याय वाचू द्या, मोठ्यानं रडू द्या. तिसरा नंतर वाचा, हवं तर पुढच्या भेटीत. गिऱ्हाईक तक्रार करून दुकान बदलतं. हबक्कूक तक्रार करून तिथेच उभा राहिला, बुरुजावर उत्तराची वाट पाहत (२:१). स्तोत्रसंहितेतही अशी विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. १३वं अगदी लहान आहे, तिथून सुरू करा.

साक्षींच्या वेळी, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगताना, फक्त उत्तर मिळालेल्यांना उभं करू नका. ज्या बहिणीचा नवरा बरा झाला नाही आणि तरी जी येते, तिलाही विचारा. तिची तयारी नसेल तर आग्रह नको.

रविवारच्या उपासनेबद्दल थोडंच सांगते. "आज संदेशात (प्रवचनात) मजा नव्हती" असं घरी म्हणायची सवय लागली असेल, तर लवकर जा आणि सतरंज्या घालायला लागा.

आणि कुणी निव्वळ ताप उतरावा म्हणून पहिल्यांदाच आलं, तर त्याला वरचं काही ऐकवू नका. लोक भाकरीसाठी आपल्याला शोधतात हे प्रभूनं पुढे स्पष्ट बोलून दाखवलं (योहान ६:२६), पण आदल्या दिवशी त्यांना पोटभर जेवू घातलं होतं. आधी चहा द्या, तापासाठी मनापासून प्रार्थना करा, डॉक्टरकडे नेणारं कुणी आहे का ते विचारा.