सूत्रकृमींच्या प्लेटमध्ये मायक्रोस्पोरिडिया: या चुका टाळा

प्रयोगशाळेतल्या प्लेटवर सूत्रकृमी, म्हणजे हे बारीक किडे, वळवळताहेत, खाताहेत, अंडी घालताहेत, म्हणजे प्लेट निरोगी आहे, या समजानेच सगळ्यात जास्त घात होतो. नेमॅटोसिडा पॅरिसी हा मायक्रोस्पोरिडिया या पेशीत राहणाऱ्या सूक्ष्म परजीवींच्या गटातला; तो सी. एलिगन्स या प्रयोगशाळेत पाळल्या जाणाऱ्या सूत्रकृमीच्या आतड्याच्या पेशींत वाढतो. पॅरिसजवळच्या कंपोस्टमधल्या किड्यांत तो सापडला आणि २००८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याचे बीजाणू पेशी न फोडताच आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. किडा हिंडता-फिरता असतानाच आगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीवर, ते पेरत जातो आणि बाकीचे किडे खाद्य म्हणून दिलेल्या जिवाणूंबरोबर ते गिळतात.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली यातलं काही कळत नाही. शंका आली की चार-पाच किडे स्लाइडवर घ्या आणि नोमार्स्की ऑप्टिक्सने (पारदर्शक पेशी उठावदार दाखवणाऱ्या मायक्रोस्कोप पद्धतीने) मोठं करून बघा. निरोगी आतडं दाट, दाणेदार दिसतं. संसर्गात आधी त्या दाण्यांमधून चर खणल्यासारख्या मोकळ्या जागा दिसतात आणि मग २-३ मायक्रॉनचे लांबट बीजाणू. हे चर मी एकदा उपासमारीचे समजले आणि नुसतं खाणं वाढवत बसले. उपाशी किड्याचं आतडं सगळंच फिकट पडतं, त्यात असे चर नसतात.

बीजाणू दाखवायला डीवाय९६ हा चमकणारा रंग वापरत असाल तर घाई करू नका. तो बीजाणूंच्या भिंतीतल्या कायटिन या कठीण पदार्थाला चिकटतो, आणि कायटिन अंड्याच्या कवचातही असतं. चमक आतड्यात आहे की गर्भाशयात, हे आधी ठरवा.

अँटिबायोटिक घालून हा परजीवी जात नाही. तो बुरशीचा नातलग आहे, जिवाणू नव्हे. यजमान पेशीबाहेर तो वाढतही नाही, त्यामुळे रिकाम्या आगरवर काही उगवलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

खरा उपाय ब्लीचचा. संसर्ग आतड्यापुरता असतो, आईकडून अंड्यात जात नाही. म्हणून अंडी भरलेले प्रौढ किडे ब्लीचमध्ये विरघळवा, अंडी एम९ या क्षारांच्या द्रावणात नीट धुवा आणि नव्या प्लेटवर सोडा. वेळ लांबवलीत तर अंडीही मरतात, म्हणून शरीरं विरघळेपर्यंत नजर हटवू नका. आगरचा तुकडा कापून नव्या प्लेटवर ठेवणं मात्र या काळात पूर्ण बंद, कारण तुकड्याबरोबर बीजाणूही जातात. किडे उचलायची प्लॅटिनमची पिक प्रत्येक प्लेटनंतर ज्योतीत लाल करा. पुढच्या पिढीतले किडे पुन्हा स्लाइडवर बघितल्याशिवाय प्लेट स्वच्छ धरू नका.

आणि किडे रानातून आणलेले असतील तर ब्लीच करण्याआधी थोडे संसर्गित किडे उणे ८० अंशांवर गोठवून ठेवा. आतला परजीवी कुणी वर्णन न केलेलाही असू शकतो.