बरोक वाद्यवृंदाचा इतिहास ध्वनिमुद्रणांतून कसा ऐकावा : व्हिएन्नाचा ‘कोन्सेन्टुस मुसिकुस’

वाद्यवृंदाचा इतिहास वाचायला घेतला की स्थापना, दौरे, पुरस्कार आणि निधनाच्या तारखा हाती लागतात. तो वाद्यवृंद प्रत्यक्षात कसा वाजत होता आणि त्याचे मत कधी पालटले, हे त्यातून क्वचितच कळते. बरोक, म्हणजे साधारण 1600 ते 1750 या काळातले युरोपीय संगीत, त्या काळच्या वाद्यांवर वाजवणाऱ्या व्हिएन्नाच्या ‘कोन्सेन्टुस मुसिकुस’ने मात्र काही रचना बऱ्याच वर्षांच्या अंतराने दोनदा ध्वनिमुद्रित केल्या आहेत. या जोड्या एकापाठोपाठ ऐकल्या, तर या वाद्यवृंदाचा इतिहास बराचसा कानांनीच उलगडतो.

त्याआधी पार्श्वभूमी थोडी माहीत असावी. व्हिएन्ना सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवणारे निकोलाउस हार्नोनकोर, त्यांच्या पत्नी आणि व्हायोलिनवादक अलिस, तसेच काही सहकारी यांनी 1953 मध्ये हा वाद्यवृंद स्थापन केला. जुनी वाद्ये जमवणे, मूळ हस्तलिखिते तपासणे आणि तालीम करणे यात चार वर्षे गेली आणि 1957 मध्ये पहिली जाहीर मैफल झाली. उदरनिर्वाहासाठी आधुनिक वाद्यवृंदातली नोकरी चालूच होती. हार्नोनकोर यांनी ती 1969 मध्ये सोडली. त्यांनी अनेक वर्षे चेलो वाजवत वाजवतच या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले.

ऐकण्याची सुरुवात वाद्यांच्या ओळखीपासून करावी. त्यासाठी जर्मन संगीतकार बाखच्या ब्रँडनबुर्ग कॉन्सर्टोंचे (एकल वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांचे) 1964 चे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि त्यातला दुसरा कॉन्सर्टो लावावा. यातल्या ट्रम्पेटला दाबायच्या कळा नाहीत. वादक प्रामुख्याने ओठांच्या ताणावर स्वर काढतो, म्हणून उंच स्वरांत थोडा कस लागलेला जाणवतो आणि तो दोष मानू नये. व्हायोलिनच्या तारा आतड्याच्या आहेत. सारंगीच्या मुख्य तारांचा नाद ज्यांच्या कानांत आहे, त्यांना पोलादी तारेपेक्षा हा आवाज किती वेगळा, किंचित खरखरीत आणि बोलका असतो हे समजावून सांगावे लागणार नाही. मग याच कॉन्सर्टोचे 1980 च्या दशकाच्या आरंभीचे दुसरे ध्वनिमुद्रण लावावे. पहिल्यात शोध लागल्याचा उत्साह आणि थोडी सावधगिरी आहे, तर दुसऱ्यात स्वरवाक्ये अधिक तोडून, अधिक आघात देऊन म्हटली आहेत. मला पहिले अधिक आवडते, पण वाद्यवृंदाचा आत्मविश्वास दुसऱ्यातच ऐकू येतो.

एक सूचना येथेच देतो. ऑनलाइन सेवांवर बहुधा पुनःप्रकाशनाचे वर्ष दिसते, त्यामुळे 1964 चे काम 2000 नंतरचे वाटू शकते. जोडी लावण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचे वर्ष तपासून घ्यावे, अन्यथा सगळाच क्रम उलटा होतो.

सर्वाधिक वेळ द्यावा तो ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या, येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाणाऱ्या बाखच्या रचनेच्या जोडीला. 1970 च्या ध्वनिमुद्रणात एकही स्त्रीस्वर नाही. बाखच्या काळातील चर्चमधली प्रथा पाळून सोप्रानो (सर्वांत उंच स्वरपट्टी) मुलांना आणि आल्टो (त्याखालची स्वरपट्टी) पुरुष गायकांना दिला आहे. 2000 मध्ये याच वाद्यवृंदाने ही रचना पुन्हा ध्वनिमुद्रित केली, तेव्हा मात्र एकल गायनासाठी क्रिस्टिने शेफर, बर्नार्डा फिंक अशा गायिका होत्या. दोन्हींतले ‘एर्बार्मे दिख’ (‘दया कर’) हे आल्टोचे गीत लागोपाठ ऐकावे. प्रथेचा आग्रह सैल झाला, शब्दांचा अर्थ पोहोचवण्याचा आग्रह मात्र तसाच राहिला, हे तीस वर्षांतले मतपरिवर्तन या एका गीतात सापडते.

बाखच्या धार्मिक कँटाटांचा (गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या बहुखंडी रचनांचा) संपूर्ण संच ऐकण्याचा संकल्प सहसा तडीस जात नाही, म्हणून तो करू नये. डच हार्पसिकॉर्डवादक आणि संचालक गुस्ताव लेओनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर कामाची वाटणी करून 1971 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जवळजवळ दोन दशके चालला; 1980 मध्ये हार्नोनकोर आणि लेओनहार्ट यांना मिळून नेदरलँड्समधले इरॅस्मस पारितोषिक मिळाले. ऐकणाऱ्याच्या सोयीची गोष्ट अशी की हे काम साधारणपणे कँटाटांच्या सूचीक्रमांकांप्रमाणे पुढे गेले. त्यामुळे क्रमांक 4 ऐकला तर प्रकल्पाचा आरंभ कळतो आणि क्रमांक 140 ऐकला तर बरीच वर्षे मुरलेला वाद्यवृंद भेटतो.

इटालियन बरोक संगीतकार विवाल्दीच्या ‘चार ऋतूं’चे 1977 चे ध्वनिमुद्रण जोडीविनाच ऐकावे. एकल व्हायोलिन अलिस हार्नोनकोर यांचे आहे. ‘वसंता’च्या दुसऱ्या भागात व्हायोलिन शांतपणे गात असताना व्हायोला एकसारखे दोन स्वर वाजवतो, मूळ स्वरलिपीत ते कुत्र्याचे भुंकणे आहे आणि ते मोठ्याने, ओरबाडल्यासारखे वाजवावे अशी सूचनाही आहे. अनेक वाद्यवृंद ही सूचना सौम्य करून टाकतात. येथे ते कुत्रे खरोखर भुंकते, आणि गोड विवाल्दीची सवय असलेल्या श्रोत्याला ते खुपते.

शेवटी बरोकच्या बाहेर यावे. 5 डिसेंबर 2015 रोजी हार्नोनकोर यांनी निवृत्ती जाहीर केली आणि 5 मार्च 2016 रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी 2015 मध्येच त्यांनी याच वाद्यवृंदाकडून बरोकनंतरच्या काळातल्या बेथोव्हेनची चौथी आणि पाचवी सिम्फनी वाजवून घेतली होती. पाचवीचा अखेरचा भाग ऐकताना ट्रम्पेटकडे लक्ष ठेवावे. बाखसाठी घडवलेली आघाताची आणि स्वरोच्चाराची शिस्त बेथोव्हेनलाही लागू केलेली आहे, आणि काही ठिकाणी ती जाणूनबुजून कर्कश होते. हार्नोनकोर यांच्यानंतर कलात्मक सूत्रे स्टेफान गॉटफ्रीड यांच्याकडे आली. त्यांच्या काळातली ध्वनिमुद्रणे ऐकताना त्या आघातांचे काय झाले, एवढे आधी तपासावे.