प्रवाळ वाचवायला निघालात? आधी या चुका टाळा

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जेमतेम दोन-चार पुरुष खोल पाण्याखाली, जिवंत प्रवाळ आहे. दर हंगामात कोणी ना कोणी त्यासाठी काम सुरू करतं: कॉलेजचा गट, डायव्हिंगवाले, एखादी संस्था. मन चांगलं असतं, तरी दोन वर्षांत काम थंडावतं. त्यामागे बहुतेक वेळा त्याच त्या चुका असतात.

गावाला शेवटी विचारणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विश्वासात न घेता रेषा आखली, ही मच्छीमारांची तक्रार पुढे कित्येक वर्षं धगधगत राहिली. आजही ‘संरक्षण’ हा शब्द काढला की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आमची मासेमारी बंद?"

म्हणून पहिली बैठक पोस्टर घेऊन करू नका. रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे), गळवाले, किल्ल्याच्या होड्या चालवणारे, स्नॉर्कलिंगची पोरं यांच्याकडून आधी ऐकून घ्या. कुठल्या खडपात (पाण्यातल्या खडकाळ जागेत) गोब्रा मासा मिळायचा आणि आता मिळत नाही, हे त्यांना पाठ असतं. फिलिपिन्समधल्या सुमिलोन बेटावर १९७४ पासून प्रवाळाचा एक भाग मासेमारीसाठी बंद होता. १९८४ मध्ये ते संरक्षण मोडलं आणि आजूबाजूच्या कोळ्यांची मासळी निम्म्याच्या आसपास घटली. जवळच्या आपो बेटावर गावकऱ्यांनीच १९८२ मध्ये राखीव पट्टा धरला आणि तो टिकला. राखलेल्या जागेतले मासे शेवटी बाहेरच्या जाळ्यात येतात, हे कोळ्याला दुसऱ्या कोळ्याकडून कळलं तर पटतं.

‘नांगर टाकू नका’ एवढंच सांगणं

एका होडीवाल्या काकांनी मला सरळ विचारलं होतं, "नांगर टाकू नको म्हणतास, मगे होडी बांदू खंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी मुरिंग बोयाची, म्हणजे तळाला पक्का बांधलेला आणि होडी अडकवायला वर तरंगणारा बोया, त्याची सोय झाल्याशिवाय नांगराविषयी बोलत नाही.

बोया बसवूनही काम फसतं, कारण दोर पावसाळ्यात तुटतो आणि नवा कोणी आणायचा हे ठरलेलं नसतं. मेअखेर तरंगता भाग काढून ठेवायचा, पाऊस सरल्यावर साखळी आणि दोर तपासून पुन्हा लावायचा. या कामाचं नाव, दिवस आणि पैसे पहिल्याच वर्षी लिहून ठेवा. एकदा पाण्याखाली बघा म्हणजे निकड कळेल: पोरायटिस या दगडी प्रवाळाचा गोल गोळा, फुटबॉलएवढा, आणि त्याच्यावर नांगराच्या दाताने ओढलेली पांढरीफेक खाच. हा प्रवाळ सगळ्या बाजूंनी वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. म्हणजे तेवढा व्हायला दहाएक वर्षं लागलेली असतात.

मुलांना दुसऱ्याचा समुद्र दाखवणं

शाळेत आपण ऑस्ट्रेलियाचे गुलाबी, फांद्याफांद्यांचे प्रवाळ दाखवतो. मग मूल मालवणच्या पाण्यात डोकं घालतं, त्याला तपकिरी, मातकट गोळे दिसतात आणि ते म्हणतं, "इथे काहीच नाही." तो गोळाच तर प्रवाळ! टर्बिनारिया या प्रवाळाची वाटी, तिच्यात साचलेला गाळ, कडेला लपलेला मासा, हे फोटो आपल्याच समुद्राचे हवेत. मुळात प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहून त्याला अन्न पुरवतं, हे भिंगाखाली जुना मेलेला तुकडा धरून समजावलं तर पाच मिनिटांत कळतं. त्यासाठी नवा तुकडा किनाऱ्यावरून किंवा पाण्यातून उचलू नका. दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. मेलेला नमुनाही वन विभागाला विचारूनच वापरा.

पांढरं दिसलं की ‘मेलं’ म्हणणं

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ आपल्या पेशींतलं ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो; यालाच ब्लीचिंग म्हणतात. तो उपाशी असतो, पण जिवंत असतो. नीट पाहिलं तर पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले इवले जीव, दिसतात. वर हिरवट-तपकिरी शेवाळ धरलं, तर मात्र तो भाग गेला. आपल्याकडे समुद्र सर्वांत तापतो एप्रिल-मेमध्ये आणि नेमकी तेव्हाच सुट्टीची गर्दी असते. अशक्त प्रवाळावर त्याच महिन्यांत सर्वांत जास्त पाय पडतात. ब्लीचिंग दिसलं की त्या खडपावर काही आठवडे पर्यटक नेऊ नयेत, हे होडीवाल्यांशी आधीच, डिसेंबरमध्ये, ठरवून ठेवा. मे उजाडल्यावर धंदा कोणी थांबवणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही.

लगेच रोपण

प्रवाळाचे तुकडे बांधून नव्याने लावण्याचे फोटो छान येतात. परवानगी आणि तज्ज्ञांशिवाय ते करूच नका. गाळ, नांगर आणि पाय तसेच राहिले, तर लावलेलंही मरतं. पर्यटकांसाठी पाव टाकून मासे जमवणंही थांबवा, त्याने त्यांची खाण्याची रीत बिघडते.

मोजणी करून आकडे घेऊन जाणं

दरवर्षी वेगळ्या ठिकाणचे, मोजपट्टीविना काढलेले फोटो काही कामाचे नसतात. पाच जागा पक्क्या करा, तीच चौकट, तोच कोन, आणि पाणी नितळ असताना, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मग ते फोटो छापून जेटीवर लावा. आमच्याकडे दोन वर्षांचे फोटो शेजारी लावले, तेव्हा एक तांडेल (होडीचे प्रमुख) बराच वेळ बघत उभे होते. बोट ठेवून म्हणाले, "हो दगड माका म्हायती आसा." पुढच्या मोजणीला होडी त्यांची होती.