बोटीवरच्या हातपंपाच्या संडासाची गळती

पंप मारताना दांड्याच्या बुडाशी पाणी झिरपतंय? बहुतेक वेळा पंप चांगला असतो, दांड्याभोवतीचं सील तेवढं गेलेलं असतं.

१. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करा, भांडं कोरडं होईपर्यंत पंप मारा, मग बाहेर सोडणाराही बंद करा. दोन्ही बंद असल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. समुद्र थेट आत येतो.

२. दांड्याची मूठ काढून जुनं सील सोडवा.

३. दांड्याच्या आट्यांवर टेप गुंडाळा आणि मगच नवं सील सरकवा. नाहीतर आट्यांच्या धारेवर रबराची कड तिथल्या तिथे फाटते, आणि गळती पुन्हा सुरू.

४. सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, रबर फुगतं.

बॉडीच तडकली असेल तर मात्र डकवाडकवीत वेळ घालवू नका, नवा पंप बसवा. भांडं तेच चालतं.