मोफत उपचाराचं बिल कोण भरतं? घरचा हिशेब असा मांडा

निवडणूक लागली की आमच्या पेठेत तालमीच्या कट्ट्यावर हा वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, दवाखाना सगळ्यांना मोफत पाहिजे. दुसरा विचारतो, मोफत म्हणजे कुणाच्या खिशातून? दोघांचे आवाज चढतात, पण आकडा दोघांकडेही नसतो. मी कोल्हापुरात सीपीआरच्या, म्हणजे आपल्या थोरल्या सरकारी दवाखान्याच्या परिसरात औषध दुकानात फार्मासिस्ट आहे. माझं सांगणं एवढंच, की आधी स्वतःच्या घरचा वर्षाचा दवाखान्याचा खर्च मांडा आणि मग वादात उतरा.

पहिल्यांदा कागद गोळा करा. डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, तपासण्यांच्या पावत्या, मेडिकलची बिलं, पगाराची स्लिप, विम्याच्या हप्त्याची पावती. मेडिकलच्या बिलांचे मोबाइलवर लगेच फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. आणि बिल मागून घ्या. ‘बिल राहू दे’ म्हणून निघून जाणारे रोज बघते मी. त्यांनी केलेला खर्च कुठंच दिसत नाही.

मग वहीच्या पानावर चार रकाने आखा: सरकार, ईएसआय (म्हणजे कामगार राज्य विमा), विमा कंपनी, आपला खिसा. गावाकडून आलेल्यांनी वडापचं भाडं, पेशंटजवळ थांबणाऱ्याचा बुडालेला रोज आणि खानावळीचा डबा हे सगळं चौथ्या रकान्यात धरायचं. लोक हे धरतच नाहीत.

सरकारच्या रकान्यात सर्वांत मोठी रक्कम बहुतेक महात्मा फुले जनआरोग्य योजनेची असेल. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती सुरू झाली, २०१७ साली नाव बदललं. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने पांढऱ्या रेशनकार्डासकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू करायचं ठरलं आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आलं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे ‘आमच्या पेशंटचं पॅकेज किती रुपयांचं?’ असं विचारा, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेतून दवाखान्याला मिळणारी ठरलेली रक्कम, आणि ती लिहा. तुमच्या हातात ते पैसे आले नाहीत म्हणून ते खर्च झालेच नाहीत असं होत नाही. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत तुमचं कुटुंब असेल तर त्यातले ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. यादीत नसाल तर भार राज्याच्या तिजोरीवर.

याच रकान्यात एक बारकावा बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय ही त्यातली. सीपीआर मात्र शाहू महाराज वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. त्यामुळं ‘सरकारी आहे म्हणजे मोफतच’ असं गृहीत धरू नका. जी पावती फाटली असेल ती चौथ्या रकान्यात लिहा.

ट्रस्टच्या दवाखान्यात निर्धन रुग्ण म्हणून बिल माफ झालं असेल तर ते पैसे कुणाचे? कायद्यानं अशा दवाखान्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बलांसाठी ठेवायच्या असतात आणि पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या बिलातले २ टक्के त्यासाठीच्या निधीत टाकायचे असतात. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तुमचा थोडा भार उचलला. पाचवा रकाना आखून तिथं ‘इतर रुग्ण’ लिहा.

आता ईएसआय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांच्या स्लिपमध्ये ही कपात दिसते: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. १६ हजार पगार असेल तर तुमचे १२० रुपये आणि मालकाचे ५२०. हे दोन्ही आकडे वहीत लिहा आणि जरा थांबून बघा. ज्याचा पगार जास्त त्याची वर्गणी जास्त, पण औषध मात्र ज्याला जेवढं लागेल तेवढं. साधी ओपीडीही यात आहे. वय वाढलं म्हणून वर्गणी वाढत नाही. खासगी विम्याचं याच्या उलट आहे. वयाबरोबर हप्ता चढत जातो आणि बहुतेक पॉलिसी भरती झाल्याशिवाय कामाला येत नाहीत. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला हे चांगलंच झालं, पण ज्याला हप्ताच परवडत नाही त्याला त्याचा काय उपयोग?

सगळ्यांत जास्त वेळ चौथ्या रकान्याला द्या. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरची १० दिवसांची औषधं धरलेली असतात. काही ठरावीक आजारांत पुढच्या तपासणीचंही पॅकेज असतं, पण सगळ्यांत नाही. अकराव्या दिवशी पेशंट माझ्या काउंटरवर येतो. राधानगरीकडचे एक मामा असेच आले होते. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. अँजिओप्लास्टीचा एक रुपयाही त्यांना पडला नव्हता. मी महिन्याच्या गोळ्या काढल्या, बेरीज सांगितली. त्यांनी बंडीच्या खिशातले पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, “ताई, सध्या पाचच दिवसाच्या द्या. बाकीच्या पुढल्या बाजारला नेतो.” रक्त पातळ ठेवणारी गोळी अशी मध्येच तोडायची नसते. मी त्यांना स्वस्तातली जेनेरिक काढून दिली, जन औषधी केंद्राचा पत्ता दिला, गोळी चुकवू नका म्हणून बजावलं. लाखांचा उपचार सरकारनं केला आणि तो टिकवणारी गोळी मामांच्या खिशावर सोडली, हे मला पटत नाही.

देशाचा हिशेबही असाच दिसतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. सुधारणा खरी आहे. पण सरकारी खर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता आणि २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचा शब्द दिला होता.

कट्ट्यावर ‘टॅक्स आम्ही भरतो, फुकट ते घेतात’ असं कुणी म्हणालं, की वहीचं मागचं पान उघडा. तिथं मोलकरणीच्या घरचं एका महिन्याचं सामान लिहून ठेवा: मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी, अंगाच्या साबणाच्या वडीवर ५ टक्के, आणि बहुतेक औषधांवरही ५ टक्के. आजारी बाई गोळी घेतानाही कर भरते. आयकर भरणाऱ्यांचा ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर आहेच, तोही लिहा. भरतात सगळेच.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा मिळतात ही खासगी डॉक्टरांची तक्रार मी नेहमी ऐकते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. सगळ्यांना उपचार द्यायचे तर त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधी ठेवायला हवेत. माझं मत असं, की ते करातून यावेत, ज्याची कमाई जास्त त्यानं जास्त द्यावेत आणि त्यातला पहिला रुपया रोजच्या औषधांवर जावा. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधांची योजना चालवून दाखवली आहे.

हिशेब झाला की गल्लीतल्या चार-पाच घरांचा एकत्र करा, नावं गाळून. मग जो दारात येईल त्याला त्याच्या कामाचा प्रश्न विचारा. महापालिकेच्या उमेदवाराला विचारा, सावित्रीबाई फुले रुग्णालयात बीपी-शुगरची महिन्याची औषधं सलग मिळणार का? गावात असाल तर ग्रामसभेत आरोग्य केंद्राचा औषधसाठा आणि रुग्ण कल्याण समितीचा खर्च वाचून दाखवायला लावा. आमदारकीच्या उमेदवाराला ५ लाखांचे १० लाख करणार का हे विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणायला काही लागत नाही. डिस्चार्जनंतरच्या अकराव्या दिवसापासूनची औषधं कुठल्या निधीतून देणार, हे विचारा. उत्तर वहीत त्याच्यासमोर लिहा, तारीख घाला, आणि खाली सही मागा.