खोत आणि कुळे यांच्या गावात इतिहासाचे प्रदर्शन कसे भरवावे

रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत खोताचे घर आणि कुळांच्या वाड्या हाकेच्या अंतरावर असतात. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार; कुळे म्हणजे जमीन कसून त्याला पिकाचा वाटा देणारी. ही पद्धत बंद करणारा मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा. ज्यांनी वाटा घेतला आणि ज्यांनी तो घातला, त्यांची नातवंडे आज एकाच एसटीने तालुक्याला जातात. या विषयावर व्याख्यान ठेवले की निम्मे लोक टाळ्या वाजवतात, निम्मे उठून जातात. कागद मांडून ठेवला तर दोघेही वाकून वाचतात. म्हणून व्याख्यानाऐवजी प्रदर्शन.

१. मंडळी आणि जागा

सहा ते आठ जण पुरेत, मात्र प्रत्येक वाडीचा एक तरी हवा आणि त्यांत दोन-तीन बायका हव्यात. जागा शाळेची घ्यावी. देवळाच्या सभामंडपात मानपानाचा प्रश्न येतो, आणि कोण कुठे बसायचे हाच तर इथला जुना वाद. शिमग्यात पालखीच्या धामधुमीत हे नको. मे महिना बरा: शाळा रिकामी, चाकरमानी गावात. (भाऊबंदकीही त्यांच्याबरोबरच येते, त्याची तजवीज पाचव्या मुद्द्यात.)

२. कागद गोळा करणे

हे काम जानेवारी ते एप्रिलमध्ये उरकावे. पावसाळी दमट हवेत जुना कागद हाताळला की फाटतो. घरोघर बोटखतांच्या (खोती गावातल्या जमिनी आणि कुळांच्या नोंदवहीच्या) नकला, फेरफार, दाव्यांचे निकाल, पावत्या मिळतात. मूळ कागद घरातून हलवू नये. पडवीत सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो घ्यावा आणि पाठपोट दोन्ही बाजूंचा घ्यावा, कारण शेरे मागेच असतात. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको; दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. मोडी कागद दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून वाचून घ्यावा. शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन येतो (शके १८०२ म्हणजे १८८०), वर्षअखेरच्या पौष-फाल्गुनात बहुधा ७९. फसली सनाचा, म्हणजे जुन्या महसुली वर्षाचा, हिशेब वेगळा. इथे चूक झाली की १८८० चा खोती कायदा कागदाच्या आधीचा की नंतरचा, हेच उलटेपालटे होते.

३. आठवणी विचारणे

“खोती कशी होती?” असे विचारले की ठरीव उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे: भात झोडल्यावर वाटा कुठल्या खळ्यावर मोजायचे? माप कुणाचे, पायली की मण? अभावणीला, म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज करायला, कोण यायचे? वेठीला, म्हणजे सक्तीच्या बिनमोल कामाला, कशासाठी बोलवायचे? खोताच्या घरीही हेच प्रश्न न्यावेत, शिवाय सरकारी सारा भरायला पैसा कुठून यायचा हा एक. एका बैठकीला पाऊण तास खूप झाला. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्यावी, नाव छापायचे की नाही ते बैठकीनंतर पुन्हा विचारावे. वहीत प्रत्येक वाक्यापुढे “पाहिले” किंवा “ऐकले” लिहावे. आता बहुतेक आठवणी ऐकलेल्याच आहेत. त्यांचे मोल वेगळे, पण त्यांना डोळ्यांदेखतची साक्ष म्हणू नये.

४. फलक

दहा-बारा फलक, प्रत्येकी साठ-सत्तर शब्द. ठळक मोठी अक्षरे, फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर.

खरी कसोटी मजकुराची. “खोत जुलमी होते” किंवा “खोतांनी गाव वसवले” यातले एकही वाक्य फलकावर नको. कागद मध्ये, डावीकडे कुळाच्या घरची आठवण, उजवीकडे खोताच्या घरची, आणि खाली तीन ओळींत कागदावरून नक्की काय कळते ते. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर तसेच लिहावे. मधला मार्ग काढून तडजोडीचे तिसरे वाक्य रचले की ते दोन्ही घरांना खोटे वाटते. एक फलक मोठ्या चित्राचा असावा: अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप (१९३३ ते १९३९), डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती रद्द करण्याचे विधेयक, पुढच्या जानेवारीतला मुंबईचा शेतकरी मोर्चा. दुसरा फलक एका गैरसमजासाठी: खोत एकाच जातीचे नव्हते; ब्राह्मण, मराठा, मुसलमान असे तिन्ही होते. वेठीचे ओझे मात्र सर्वांवर सारखे नव्हते, आणि हे लिहिताना जातीचे नाव गाळू नये. गाळले की ज्यांनी ते सोसले त्यांची वाडी फलकावरून पुसली जाते.

५. बिघडते कुठे

चालू दाव्यातली जमीन. गट नंबर, सातबारा, हिस्सेदारांची नावे दिसतील असा कागद लावला की प्रदर्शन तलाठ्याचे कार्यालय होते. ते भाग झाकूनच प्रत काढावी. दाराशी पाटी लावावी: “इथे हक्क ठरत नाहीत.”

चर्चा ठेवायचीच तर माइक फिरता, प्रत्येकाला तीन मिनिटे, आणि सुरुवात फलकाकडे बोट दाखवून. व्हॉट्सॲपवरचा मजकूर कुणी वाचू लागले तर मूळ कागद कुठे आहे एवढेच विचारावे.

६. नंतर

हरकतींची वही दारातच, दोरीला पेन बांधून. रोज संध्याकाळी ती सगळ्यांनी मिळून वाचावी. चूक पटली तर जुना मजकूर दिसेल अशी रेघ मारून शेजारी नवा लिहावा. शेवटी फोटोंची एक प्रत शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि ज्या घराचा कागद त्या घरी एक छापील प्रत, पाकिटावर तो कागद ज्याने वाचून दिला त्याचे नाव व तारीख घालून.