शंभरातले तेवीस रुपये टँकरला: सोसायटीच्या हिशोबाचा पाय चार्ट

शाळेत अठ्ठावीस वर्षं मी त्याला वृत्तालेख म्हणत आले. कंपासने वर्तुळ, कोनमापकाने पाकळ्या, आणि 'घटक भागिले एकूण गुणिले ३६०' हे सूत्र वहीत चौकटीत. निवृत्त झाले तसं सोसायटीचं खजिनदारपद गळ्यात पडलं ("गणिताच्या बाई आहेत ना, त्यांनाच द्या!") आणि तोच वृत्तालेख एक्सेलमध्ये पाय चार्ट होऊन भेटला. कोन आता एक्सेल काढतं. पण कशाचा काढायचा ते त्याला कळत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

आमची चोवीस सदनिकांची सोसायटी, पुण्याच्या कडेला. ३१ मार्चला वर्ष संपतं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची. सभेत ताळेबंद कुणी उघडत नाही. प्रश्न एकच येतो: मेंटेनन्स का वाढवला? यंदा त्याचं उत्तर टँकर हे होतं. एवढं ठरल्यावरच मी कॉम्प्युटर उघडला.

आधी तक्ता. एका रकान्यात खर्चाचं नाव, शेजारी रक्कम. सुरक्षारक्षक ३,८४,०००, टँकर २,७६,०००, सामाईक वीज १,५६,०००, साफसफाई १,४४,०००, लिफ्टची देखभाल ९६,०००, दुरुस्त्या ७२,०००. मग विमा, बाग, लेखापरीक्षण, छपाई, बँकेचे आकार अशी पाच बारकी कलमं, मिळून ७२,०००. एकूण बारा लाख. अकरा पाकळ्यांचं वर्तुळ म्हणजे कापलेलं कलिंगड; शेवटच्या पाच फोडी दिसतच नाहीत. म्हणून त्या पाचांची बेरीज तक्त्यातच करून 'किरकोळ' नावाची एक ओळ केली. एक्सेलमध्ये यासाठी 'पाय ऑफ पाय' नावाचा प्रकार आहे, मोठ्या वर्तुळाला चिकटलेलं छोटं वर्तुळ. तो मी एकदा वापरला होता. अर्ध्या सभासदांना ती दोन वेगळ्या वर्षांची चित्रं वाटली. पुन्हा वापरला नाही.

रकमा मोठ्याकडून लहानाकडे लावून घ्या, 'किरकोळ' मात्र कितीही असो, शेवटी. एक्सेल पहिली पाकळी घड्याळातल्या बारावर सुरू करतं आणि काट्याच्या दिशेने जातं, त्यामुळे डोळा आपोआप मोठ्यावरून लहानाकडे उतरतो. लिब्रेऑफिस कॅल्क वापरत असाल तर तिथे उलटं आहे: सुरुवात बारावरच, पण पाकळ्या काट्याच्या विरुद्ध जातात. चार्टवर डबल क्लिक करून डेटा सिरीजच्या 'ऑप्शन्स' टॅबमध्ये 'क्लॉकवाइज डायरेक्शन'वर खूण करा.

आता सिलेक्ट करा, पण 'एकूण'ची ओळ सोडून. हे ठासून सांगतेय, कारण पहिल्या वर्षी मीच फसले. कलमांबरोबर त्यांचं 'एकूण'ही निवडलं गेलं, आणि चार्टचा अर्धा भाग निळाशार झाला. उरलेल्या प्रत्येक पाकळीचा वाटा निम्मा. मी तो तसाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून विचारणा: "हे एकूण कोण? निम्मे पैसे त्यांना कशाबद्दल?" अठ्ठावीस वर्षांचं गणित त्या दिवशी पाण्यात गेलं. तेव्हापासून पाकळ्यांची टक्केवारी लागली की आधी बघते, कुणी नेमकं ५० तर नाही ना.

दुसरी खाच वजा रकमांची. एखादा परतावा उणे चिन्हाने लिहिला असेल तर एक्सेल तो अधिक समजून पाकळी काढतं, आणि तसं सांगतही नाही. परतावा ज्या खर्चाचा, त्यातून आधीच वजा करा.

मग इन्सर्ट, चार्ट्स, पाय, आणि त्यातला पहिला, साधा सपाट. थ्री-डीकडे हात नेऊ नका. तिरप्या बशीसारख्या त्या चित्रात पुढची पाकळी जाड दिसते, मागची चेपते. कुठली पाकळी पुढे येणार हे 'अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस'ने फिरवता येतं, तेव्हा एखाद्या खजिनदाराला काही लपवायचं असेल तर सोय उत्तम आहे. एवढंच म्हणते.

चार्ट आला की बाजूची रंगांची यादी, म्हणजे लेजेंड, सिलेक्ट करून डिलीट. रंग पाहा, यादीत शोधा, परत या, ही कवायत सत्तरीच्या माणसाला का करायला लावायची? त्याऐवजी पाकळीवर राइट क्लिक, 'ॲड डेटा लेबल्स', मग 'फॉरमॅट डेटा लेबल्स'मध्ये 'कॅटेगरी नेम' आणि 'पर्सेंटेज' या दोन्हींवर खूण, 'व्हॅल्यू'ची काढा, जागा 'आउटसाइड एंड'. अक्षर १४ तरी ठेवा, आणि ठळक करू नका. लहान आकारात देवनागरी ठळक केली की मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत जातात. टक्क्यांना दशांश नकोत. पूर्णांकात कधी बेरीज ९९ किंवा १०१ येते आणि एखादे काका ती करून बघतातच. 'पूर्णांकात दाखवले आहे' अशी ओळ खाली टाकली की भागतं. माझी या वेळी नेमकी शंभर आली: ३२, २३, १३, १२, ८, ६, ६. नशीब.

रंगांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एक्सेलचे आपसूक रंग सगळे सारखेच ओरडतात. वर्तुळावर एकदा क्लिक केलं की सगळ्या पाकळ्या निवडल्या जातात. सगळ्यांना फिकट राखाडी भरा, कड पांढरी. मग फक्त टँकरच्या पाकळीवर पुन्हा एकदा क्लिक करा, म्हणजे ती एकटी निवडली जाते. तिला गडद निळा. ती थोडी बाहेर ओढलीत तरी चालेल, पण एकच, आणि जराशीच. सगळ्या ओढल्या की पापडाचे तुकडे होतात. राखाडी-निळ्याचा आणखी फायदा म्हणजे नोटीस बोर्डावर लागणारी प्रत काळी-पांढरी झेरॉक्स असते. लाल आणि हिरवा तिथे एकाच रंगाचे होतात, गडद आणि फिकट मात्र वेगळे राहतात.

शीर्षकात 'वार्षिक खर्च' लिहू नका. मी लिहिलं: 'दर शंभर रुपयांतले तेवीस टँकरला'.

सभेत मागच्या वर्षाशी तुलना मागतात, आणि दोन वर्तुळं शेजारी ठेवायचा मोह होतो. आमच्याकडे सुरक्षारक्षकांचा खर्च आदल्या वर्षी दहा लाखांपैकी ३,६०,००० होता, म्हणजे ३६ टक्के. यंदा ३२. पाकळी बारीक झाली, आणि खर्च तर २४,००० रुपयांनी वाढलेला! वर्तुळ फक्त वाटा दाखवतं, मूळ रक्कम गिळून टाकतं. दोन वर्षांसाठी साधे स्तंभ घ्या. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवला की होतं. आणि वर्तुळात तुकडेही थोडेच बरे: पाय चार्टचा जनक मानल्या जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरने १८०१ साली छापलेल्या पाय चार्टमध्ये तुर्की साम्राज्याचे आशिया, युरोप आणि आफ्रिका असे तीनच तुकडे होते. त्याच्याकडे लिफ्टची देखभाल नव्हती, हेही खरं.

पाठवताना चार्टवर राइट क्लिक करून 'सेव्ह ॲज पिक्चर'. फाइल पाठवली तर मोबाइलवर अक्षरं आणि लेबलं इकडेतिकडे सरकतात.

ग्रुपवर टाकण्याआधी मी तो तळमजल्यावरच्या काकूंना दाखवते, काहीही न सांगता. यंदा त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं बाई, पाण्याला एवढे?" मग टाकला.